लाईनीपलीकडचे आम्ही

भिवपुरी सुटली आणि बायकोचा फोन आला.

"अहो, लाईन गेली."

आषाढातली संध्याकाळ. मी कर्जत लोकलच्या दारात अंग चोरून उभा, आणि दादरहून घेतलेली मेथीची जुडी पिशवीतून माझ्याच पँटवर ठिबकत होती. अशा वेळी कर्जतच्या माणसाला कोणी 'लाईन गेली' म्हटलं की त्याच्या पोटात गोळाच येतो.

"घाटात दरड आली का?" मी विचारलं. डब्यातल्या आठ-दहा माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"दरड कसली? घरातली लाईन गेली."

"टेलिफोनची?"

"टेलिफोन काढून बारा वर्षं झाली."

"मग पाण्याची?"

"पाणी वरूनच पडतंय. लाईटची हो, लाईटची लाईन!"

"मग लाईट गेली असं म्हण ना."

"लाईट नाही गेली. लाईन गेली."

आणि तेवढ्यात लाईन कट झाली. म्हणजे फोनची.

हा फरक मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळला होता. आमची ही माहेरची खोपोलीची आणि विजेच्या बाबतीत तिची परिभाषा अगदी काटेकोर आहे. लाईट गेली म्हणजे सगळ्या आळीची गेली. तेव्हा माणसं ओट्यावर येतात, एकमेकांना "तुमचीपण गेली का?" असं हसतमुखानं विचारतात, कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा आणतं. लाईन गेली म्हणजे फक्त आपली गेली. समोरच्यांच्या खिडकीत ट्यूब लख्ख, त्यांचा टीव्ही आपल्याला ऐकू येईल एवढा मोठा, आणि आपण मेणबत्ती शोधताना देवघरातल्या निरांजनावर हात भाजून घ्यायचा. आमच्या घरात लाईट गेल्याचं दुःख कधीच झालेलं नाही. लाईन गेली की मात्र सुतक.

त्यात आमचं घर लाईनीपलीकडे. ही लाईन रेल्वेची. कर्जतमध्ये पत्ता सांगताना गल्ली नि घर नंबर नंतर, आधी "लाईनीच्या अलीकडे की पलीकडे?" हा प्रश्न येतो. गंमत अशी की भिसेगावच्या बाजूचे आम्ही बाजारपेठेतल्यांना लाईनीपलीकडचे म्हणतो आणि ते आम्हाला. आजवर मला लाईनीअलीकडचा एकही माणूस भेटलेला नाही.

स्टेशनवर उतरलो. पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं जोडत होते, वडेवाले खिडक्यांखालून पळत होते. मी पुलावर चढलो आणि तिथूनच लाईनमनला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा एका गोड आवाजानं सांगितलं की सर्व लाईनी व्यस्त आहेत. तिसऱ्यांदा लागला.

"काका, बोला. लाईनवर आहे मी."

"अरे, आमची लाईन गेलीय."

"कळलं ना. पण मी लाईनवर आहे."

"मीपण लाईनवरच आहे. म्हणून तर बोलतोय."

"तसं नाही हो काका. मुद्र्याच्या लाईनवर आहे. पोलवर."

"मग बाबा, लाईनवरून लाईनवर बोलू नकोस. आधी खाली उतर."

तो म्हणाला, इथलं झालं की येतो, पण तुमच्याआधी सहा जण लाईनीत आहेत.

घरी आलो तर अंधारात तीन आकृत्या बसलेल्या. आई, बायको आणि माझा भाचा. भाचा म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनचा, जन्मानं तिकडचाच, वय बावीस. दीड महिना मामाकडे राहून मराठी पक्कं करायला आलाय. त्याच्याकडे एक वही आहे आणि आपण बोललेलं तो तीत लिहितो. आल्यापासून घरात कोणी मनमोकळेपणानं शिवी दिलेली नाही.

"मामा," तो म्हणाला, "हाय टेन्शन लाईन म्हणजे काय?"

विषय आईनं काढला होता. आमच्या आळीपलीकडच्या शेतातून विजेचे मोठे मनोरे गेलेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवून आई गेली पन्नास वर्षं एकच वाक्य बोलते : त्या लाईनीला टेन्शन आहे, पण आपल्याला लाईन नाही. आता हे बरंचसं खरं आहे. 1915 साली टाटांनी खोपोलीत वीजघर सुरू केलं. लोणावळ्याची धरणं वर, वीजघर घाटाच्या पायथ्याशी, पाणी पाईपलाईनीतून खाली कोसळतं आणि वीज होते. 1922 साली इकडे भिवपुरीला दुसरं झालं. म्हणजे डावीकडे खोपोली, उजवीकडे भिवपुरी आणि मधे आम्ही. पण वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्या चालवायला. आमच्या आजोबांनी अभ्यास केला तो कंदिलावर, डोक्यावरून वीज जात असताना. पुण्याच्या जलद गाड्या भिवपुरीला जशा न थांबता जातात, तशीच ती वीजही.

भाच्यानं हे सगळं लिहून घेतलं. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात.

मग बायकोनं सकाळची हकिकत सांगितली. त्या दिवशी संकष्टी. मी कामाला गेल्यावर ती आईला आणि भाच्याला घेऊन महडला वरदविनायकाला गेली होती. खालापूर तालुक्यातला आमचा अष्टविनायक. गर्दी बेताची असेल म्हणून गेले, तर लाईन दीपमाळेपासून बाहेर. आईला सावलीत बसवून बायको नारळ घ्यायला गेली आणि भाच्याला फोन केला, कुठे आहेस?

"मामी, मी ऑनलाईन उभा आहे."

"अरे, ऑनलाईनच दर्शन घ्यायचं होतं तर एडिसनमधूनच घ्यायचंस की. एवढं तिकीट काढून आलास कशाला?"

त्यात पोराचा काही दोष नाही. न्यूयॉर्कच्या आसपासची माणसं रांगेत 'इन लाईन' उभी राहत नाहीत, 'ऑन लाईन' उभी राहतात. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची ही पद्धत आहे. इंग्रज त्याच रांगेला क्यू म्हणतो, आणि त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर बोलतं, बाकीची चार त्याच्यामागे गप्प उभी असतात. रांगेचं इतकं प्रामाणिक चित्र दुसऱ्या कुठल्या शब्दात नसेल. आम्ही मात्र ना क्यू घेतला ना इन-ऑन. आम्ही लाईनीला सरळ स्त्रीलिंगी करून घरात घेतली. ती लाईन, त्या लाईनी. लाईनीत, लाईनीला, लाईनीवर.

"पण लाईनवर आणि लाईनीवर वेगळं का?" भाचा.

या प्रश्नानं मी गार पडलो. पन्नाशी उलटली, कधी लक्षातच आलं नव्हतं. लाईनवर म्हणजे फोनवर. लाईनीवर म्हणजे सुधारला. "तुमचा मुलगा लाईनवर आहे" असं म्हटलं तर बाप फोन घेतो. "तुमचा मुलगा लाईनीवर आला" म्हटलं तर बाप पेढे वाटतो. मधे नुसती एक दीर्घ ई. मी भाच्याला म्हटलं, "लिही. आणि तिकडे कोणी विचारलं तर मामांनी शोधून काढलं म्हणून सांग."

"आणि लेन?"

हे परवाचं. परवा त्याला भाड्याच्या गाडीनं पुण्याला नेला. शनिवारची सकाळ होती, म्हणजे अख्खी मुंबई लोणावळ्याला भजी खायला निघालेली. एक्स्प्रेस-वेवर खालापूरच्या टोलनाक्याला फास्टॅग लागल्यापासून लाईन लवकर सरकते, पण शनिवारी फास्टॅगचंही फास्ट सुटतं. पुढे घाटात उजव्या लेनमध्ये एक कंटेनर, मधल्यात दुसरा, दोघं शेजारी शेजारी जुन्या मित्रांसारखे गप्पा मारत चढत होते. वर पाटी, लेनची शिस्त पाळा. भाचा ड्रायव्हरला म्हणाला, "काका, तो चुकीच्या लेनमध्ये आहे ना?"

"लाईन बरोबर आहे त्याची," ड्रायव्हर म्हणाला. "लेन चुकलीय."

"दोन्हीत फरक काय?"

"लाईन म्हणजे आपण लावतो ती. लेन म्हणजे सरकारनं रंगवलेली."

मी त्याला तिथंच उंबरखिंड सांगितली. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की पुढे आत चावणीजवळ ती जागा आहे. 2 फेब्रुवारी 1661. कारतलबखान मोठी फौज घेऊन घाटाखाली उतरला आणि खिंडीत असा अडकला की पुढेही शिवाजी महाराजांची माणसं, मागेही, दोन्ही अंगांना झाडी. ना ओव्हरटेक, ना यू-टर्न. बिनशर्त लाईनीत उभं राहावं लागलं, खंडणी भरली, मगच सोडलं. "म्हणजे या भागातला पहिला टोल," ड्रायव्हर म्हणाला. आमच्या तालुक्यांत इतिहासाची आवड तळागाळापर्यंत आहे.

साडेआठ झाले. लाईनमन नाही. समोरच्यांच्या मालिकेत कोणीतरी कोणाला तरी थोबाडीत मारली, ती आम्हाला स्पष्ट ऐकू आली.

वेळ घालवायला मग मी भाच्याला स्थळांच्या गोष्टी सांगितल्या. आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार विचारणं असभ्य समजतात, म्हणून "कुठल्या लाईनीत आहे?" असं विचारतात. माझा मावसभाऊ फिल्म लाईनीत होता. कर्जतला एन. डी. स्टुडिओ झाला, 2008 मध्ये आलेल्या 'जोधा अकबर'चा किल्ला तिथं उभा राहिला, आणि अर्ध्या तालुक्यातली पोरं फिल्म लाईनीत गेली. हा पण गेला. भाला घेऊन तिसऱ्या लाईनीत उभा राहायचा. चार वर्षं फिल्म लाईनीत काढली, रोज लाईनीत उभा राहिला, पण एक लाईन बोलायला मिळाली नाही. शेवटी पनवेलच्या नव्या लाईनीच्या आसपासचे प्लॉट विकायच्या लाईनीला लागला. "लाईन सुरू झाली की भाव डबल" हे एकच वाक्य त्याला आता पाठ आहे, आणि ते तो अभिनयासकट म्हणतो.

शेजाऱ्यांच्या मुलाची गोष्ट वेगळीच. पुण्याचं स्थळ आलं. मध्यस्थानं फोनवर सांगितलं, मुलगा बँकर आहे. मुलीकडचे पेढे घेऊनच उतरले.

"कुठल्या बँकेत?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"बँकेत नाही. बँकरवर."

"म्हणजे काय करतात?"

"ढकलतो," मुलगा म्हणाला.

खरंच ढकलतो. बोरघाटाचा चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं लावतात, त्यांना म्हणतात बँकर. रेल्वेच्या इंग्रजीत चढाला बँक म्हणतात. तिथं व्याज मिळत नाही, पण 1863 पासून घाट चढवणं चालू आहे. मुलीच्या वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे आम्ही आत्ता ज्या गाडीनं परत जाणार तिला मागून जावईच ढकलणार. लग्न झालं. त्यांचं म्हणणं, ज्याच्या हातात आपली गाडी आहे त्याच्याशी वाकडं नको.

"मामा, तुम्ही मामीला लाईन मारली होती का?"

अंधार असल्यामुळे माझा चेहरा कोणाला दिसला नाही. आईनं विषय बदलायला जपमाळ काढली, पण कान इकडेच.

आता यात माझा नाइलाज होता. कॉलेजला असताना मी रोज कर्जतहून खोपोलीची लोकल पकडायचो, काहीही काम नसताना. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. पंधरा किलोमीटर, जाऊन येऊन तीस. 1856 साली रेल्वे जिथपर्यंत येऊन थांबली तो हा फाटा. पुढे घाट, तेव्हा लोकांना पालखीतून वर चढवायचे. घाटातला मार्ग झाला, गाड्या पुण्याला गेल्या आणि खोपोली फाट्यावर राहिली. ती लाईन अजून एकेरी आहे. आमचीही बराच काळ एकेरीच होती. मी इकडून बघायचो, तिकडून कोणी बघत नव्हतं. लाईन मारणं आणि लाईन देणं यांत जो फरक असतो तो भोगल्याशिवाय कळत नाही. एकदा केळवलीला गाडी बराच वेळ उभी राहिली. डब्यातली एक म्हातारी कंटाळून म्हणाली, "काय झालं गं?" आणि समोर खिडकीशी बसलेली ही म्हणाली, "लाईन क्लिअर नाही मिळाली वाटतं." म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं. निदान मला तसं वाटलं. त्यावर मी आठ महिने काढले.

"मी सिग्नलकडे बघत होते," अंधारातून आवाज आला. "हे सिग्नलखाली उभे होते."

भाच्यानं हेही लिहून घेतलं.

नंतर त्यानं मोबाईलवर लाईन शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'लिनिया' म्हणजे दोरा, सुताचा, ज्या झाडाच्या धाग्यापासून लिनन होतं त्या झाडाचा.

"कुठलं झाड?" आईनं जप थांबवून विचारलं.

"फ्लॅक्स. मराठीत..." तो शोधू लागला. "जवस."

"जवस!" आईला इतका आनंद आम्ही तिच्या पंचाहत्तरीला पण बघितला नव्हता. "म्हणजे आपल्या चटणीचं?"

चटणीचंच. या एका शोधानं घरातले दोन जुने वाद मिटले. गवंडी विटा बांधताना ज्याला लाईनदोरी म्हणतो त्यात लाईनही दोरी आणि दोरीही दोरी, म्हणजे तो बिचारा घराघरांत दोरी-दोरी म्हणत फिरतोय. दुसरा वाद माझ्या कोटाचा. शिंप्याला मी सांगितलं होतं, कोटाला लायनिंग लाव. माझ्या मनात अस्तर. आपल्याकडे लायनिंगचा शर्ट म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा. त्यानं कोटाला आतून पट्ट्यापट्ट्यांचं कापड लावलं, म्हणजे दोन्ही अर्थ सांभाळले. लग्नात मी कोट काढला की पोरं म्हणायची, काका आतून कैदी आहेत. अस्तरालाही लायनिंग म्हणतात ते ते लिननचं असायचं म्हणून, असं भाच्याच्या मोबाईलचं म्हणणं. म्हणजे शिंपी चुकला नव्हता. तो फक्त सगळ्या लाईनी एकाच वेळी पाळत होता.

पण आई तिथं थांबली नाही. तिचं माहेर चौक गावाजवळ, घरी भाताची शेती. ती म्हणाली, आम्ही लहानपणी लावणी मनाला येईल तशी करायचो, चिखलात उतरायचं नि रोपं टोचत मागं मागं जायचं. मग कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडून कोणी साहेब आले. म्हणाले, दोरीवर लावणी करा, लाईनीत. दोघांनी बांधावर उभं राहून दोरी ताणायची, खुणेखुणेवर रोपांचा चूड लावायचा, दोरी उचलायची, पुढं सरकायची.

"माझी आजी म्हणाली, भाताला काय रेशन घ्यायचंय का, लाईनीत उभं राहायला? पण त्या वर्षी भात बरं आलं. मग आजीच दोरीचं टोक धरून बांधावर बसायला लागली. कोणाचा हात वाकडा गेला की ओरडायची, लायनीत! लायनीत!"

"लायनीत? लाईनीत नाही?" भाचा.

"लायनीत," आई म्हणाली. "चिखलात उभं राहून लाईनीत म्हणता येत नाही."

आईला लायन हा उच्चार जवळचा आहे. लायन्स क्लबचं डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा ती म्हणाली होती, नाव अगदी बरोबर ठेवलंय, आत शिरल्या शिरल्या लायनच लावून घेतात.

पावणेदहाला लाईनमन आला. रेनकोट, डोक्याला बॅटरी, खांद्यावर शिडी. चहा नको म्हणाला, कारण अजून दोन घरं लाईनीत होती. आम्ही सगळे छत्र्या घेऊन पोलखाली जमलो. समोरच्यांनीही टीव्ही बंद केला आणि गॅलरीत आले. दुसऱ्याची लाईन दुरुस्त होताना बघण्यासारखी मालिका नाही. तो वर चढला, टेस्टर लावला आणि वरूनच ओरडला.

"काका, लाईन आहे!"

"आहे?"

"लाईन गेलीच नव्हती!"

बायकोचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची परिभाषा. "मग काय गेलं होतं?" तिनं वर बघून विचारलं.

"न्यूट्रल, काकू. पावसानं सुटला."

"न्यूट्रल म्हणजे काय रे?" तिनं भाच्याला विचारलं.

"मामी, म्हणजे जो कोणाचीच बाजू घेत नाही."

तिनं आईकडे बघितलं. आईनं तिच्याकडे. मग दोघींनी मिळून माझ्याकडे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या दोघींचं एकमत मी प्रथमच बघत होतो.

घरात ट्यूब लागली. फ्रीज कण्हला. लाईनमन खाली उतरला, हात पुसत मीटरजवळ आला आणि खाली वाकून भिंतीला लागून गेलेली एक तार त्यानं बोटानं उचलली. गंजलेलं टोक त्याच्या हातात आलं.

"हे बघितलं का कधी, काका? किती वर्षं झाली याला?" तो म्हणाला. "तुमच्याकडे लाईन आहे, पण अर्थ नाही."

भाच्यानं वही उघडली.